चिमणीनं काय घातलंय

"आज चिमणीला कानटोपी नाही, म्हणजे गाद्या गच्चीत टाकायला हरकत नाही," खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्या शिवणकाम करायच्या. ओठांत कायम एखादी टाचणी धरलेली असायची, त्यामुळे त्यांचं प्रत्येक बोलणं अर्धं हसल्यासारखं वाटायचं. चिमणीच्या आईनंही हसून मान हलवली. एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात डबा आणि पिशवी, उशीर झालेला. जिन्याच्या वळणापर्यंत ते बोलणं नुसतं बोलणं होतं. वळणावर, जिथं भिंतीचा पोपडा निघाला होता आणि चिमणी रोज तिथं बोट खुपसून पुढं जायची, तिथं तिचा पाय अडला. कानटोपी नाही, म्हणजे गाद्या. म्हणजे कानटोपी असती तर गाद्या नाहीत. "आई, चल ना," चिमणी म्हणाली. "चल," ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

रस्त्यावर कोवळं ऊन होतं. समोरच्या चाळीतली म्हातारी गॅलरीत उभी होती. तिनं खाली बघितलं, चिमणीच्या फ्रॉककडे, उघड्या गुडघ्यांकडे, आणि बादलीतली चादर पिळून दोरीवर टाकली. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं बघितलं, मग ताडपत्री गुंडाळून बाजूला ठेवली. दूधवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, शाळेच्या दारातल्या बाई. आजवर तिला वाटायचं, पोर गोड आहे म्हणून बघतात. बोबडं बोलते, चालताना उड्या मारते, लोकांना गंमत वाटते. कोणत्या आईला तसं वाटणार नाही? पण आज तिला दिसलं की ते चेहऱ्याकडे बघतच नाहीत. नजर डोक्यावरून सुरू होते, गळ्यापाशी जरा थांबते, बाह्यांवरून खाली येते आणि पायमोज्यांवर संपते. ती स्वतः रोज कचेरीत आकड्यांच्या पट्टीवरून नजर फिरवते ना, अगदी तशीच.

ते मोठं युद्ध तिच्या आजीच्या लग्नाआधी सुरू झालं होतं. एकदा ते संपायला आलं होतं, तह व्हायचा होता, असं शाळेच्या पुस्तकात होतं. पण तह झाला नाही, आणि मग युद्ध शहराला घरातल्या जुन्या दुखण्यासारखं होऊन बसलं. कधी उसळायचं, कधी नुसतंच ठुसठुसायचं. सुरुवातीच्या दिवसांत रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या बंद झाल्या होत्या, शत्रूच्या विमानांना काही कळू नये म्हणून. त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. कायदा आला, त्याच्या दुरुस्त्या आल्या. उद्याच्या आभाळाबद्दल बोलणाऱ्याला आधी तुरुंग व्हायचा. पुढं पुढं तसं कुणी बोलेनासंच झालं. तिची आई आभाळाकडे सरळ मान वर करून बघायची नाही. अंगणात पाण्याची भरलेली बादली असायची, तिच्यात बघायची. लहानपणी तिला वाटायचं, आई आपलं तोंड न्याहाळते. एकदा तिनं मागून येऊन बादलीत हात घातला तर आईनं फटका मारला होता, आणि मग लगेच जवळ घेतलं होतं, इतकं घट्ट की कान दुखला. त्या बादलीत काय होतं हे तिला हवामान खात्यात नोकरी लागल्यावर कळलं, आणि तोपर्यंत आई गेली होती.

खात्याच्या दारात जमादार पिशव्या तपासायचा. छत्री घेऊन बाहेर पडायला बंदी होती, पाऊस आधीच चालू असेल तरच परवानगी. स्वेटरचंही तसंच. थंडी पडल्यावर सगळ्यांनी घातला की मग आपण घालायचा, एक दिवस उशिरानं घातला तर उत्तम. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे ढगोबा म्हणत, दर पावसाळ्यात तोच विनोद करायचा. "या शहरात कळून सवरून भिजणारे आपणच. बाकीचे आपले अडाणीपणानं भिजतात." ती दर वेळी हसायची. आज तो काहीतरी दुसरंच बोलत होता, नव्या पेन्सिली कशा भुसभुशीत आहेत वगैरे, आणि तिला त्याचे ओठ दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. वरच्या खोल्यांमध्ये माणसं नकाशाच्या एकेका पट्टीवर काम करायची. कुणाला किनारा दिसायचा, कुणाला डोंगर, पण पलीकडे काय चाललंय ते कुणालाच कळायचं नाही. पट्ट्या तळमजल्यावर जोडखोलीत यायच्या, आणि तिथं त्या एकत्र लावून वायुभाराच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं काम ढगोबा आणि ती करायचे. उद्याचा दिवस असा रोज दुपारी तिच्या हाताखाली तयार व्हायचा. संध्याकाळी नकाशा भट्टीत जायचा आणि ती घरी. डोकं खात्यात ठेवून यायचं, असं पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं. तिनं ते प्रामाणिकपणे ठेवलंही होतं. नवऱ्याशी बोलताना, भाजी घेताना, वहिनींकडे बाह्या आखूड करायला देताना ती खरोखर काही जाणत नसल्यासारखी असायची. पण हातांचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. हात सगळं बरोबर घेऊन घरी यायचे.

चिमणीची छाती नाजूक होती. पहिल्या हिवाळ्यात एकदा गार वारं लागलं आणि तिचा श्वास अडकला होता. ओठांचा रंग गेला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि त्या इवल्या छातीतून दाराच्या फटीत वारा शिरावा तशी शीळ येत होती. त्या शिळेनंतर तिच्या हातांनी विचारणं सोडून दिलं. सकाळी कपाट उघडलं की ते आपले आपण कानटोपीकडे जायचे, किंवा जायचे नाहीत. बाहेर लख्ख ऊन असलं तरी पायमोजे वर ओढायचे. तिनं एकदाही "आज वारा सुटणार" असं मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. फक्त लेकीला कपडे घातले होते. छत्रीचा नियम करणाऱ्यांना, स्वेटरचा नियम करणाऱ्यांना, पिशव्या तपासणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं, कारण जोडखोलीत तिच्याआधी कुणी आई नव्हती. बाप पुष्कळ होते. पण बाप मुलांना कपडे घालत नाहीत, आणि घालणाऱ्या आयांना काही ठाऊक नसतं. दोन हिवाळे, म्हणजे चिमणी शाळेत जायला लागल्यापासून, ती आपल्या मुलीला गल्लीतून हाताला धरून नेत होती आणि गल्ली वाचत होती. कुणी तिला विचारलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. वहिनी तेवढ्या आज चुकून बोलल्या. किंवा चुकून नसतीलही. आपुलकीनं बोलल्या असतील, तुमचं आम्हाला कळतं बरं का, अशा अर्थानं. ती आपुलकीच तिला जास्त भिववत होती.

दुपारी पट्ट्या आल्या. तिनं किनाऱ्याची पट्टी लावली, मग समुद्राची, आणि पेन्सिल ठेवली. ढगोबानं मान वळवली. समुद्रावर रेषा इतक्या जवळजवळ येत होत्या की पेन्सिलीची जाडी आड येत होती. उद्याची सकाळ कोरी, निळी, वारा नाही. आणि दुपार कलायच्या आत ते सगळं खाडीतून आत शिरणार होतं. असा नकाशा तिनं फक्त शिकताना बघितला होता, जुना, नमुना म्हणून ठेवलेला, खाली बुडालेल्यांचा आकडा लिहिलेला. "पुन्हा लाव," ढगोबा पुटपुटला. तिनं पुन्हा लावला. तेच आलं. तिनं साहेबांना बोलावलं.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. त्यांच्या मानेवर, कॉलरच्या वर, पावडरचा पांढरा पट्टा होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा जवळजवळ आनंदी होता. "त्यांचं आख्खं आरमार खाडीच्या तोंडाशी उघड्यावर आहे," ते म्हणाले. "उद्या काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं."

"आणि लाँच, साहेब?" तिनं विचारलं. लाँच सकाळी आणि दुपारी कामगारांना खाडीपलीकडच्या गिरणीत न्यायची. ती वहिनींचे यजमान चालवायचे.

"लाँच रोजच्यासारखी सुटेल. तिकडून दुर्बिणी लागलेल्या असतात, बाई. आपली लाँच सुटली नाही तर ते काय समजतील?"

"माणसं असतात त्यात."

"माणसं सगळीकडेच असतात," साहेब म्हणाले, वैतागून नव्हे, थकलेल्या शिक्षकासारखं. आणि दारातून वळून म्हणाले, "पहाराशाखेचे लोक तुमच्या भागात फिरतायत सध्या. तिकडे काहीतरी गळतंय. वादळ यायच्या आधी दोऱ्या रिकाम्या होतात म्हणे. काही दिसलं तर कळवा."

पहाराशाखेचा माणूस तिला माहीत होता. मागच्या वर्षी त्यानं सगळ्या खात्याला एकत्र बसवून समजावून सांगितलं होतं. सौम्य आवाजाचा, नखं कुरतडणारा माणूस. लोकांना वाटतं आम्ही कान लावून बसतो, तो म्हणाला होता. आम्ही गच्चीत बसून वाळत घातलेले कपडे मोजतो. लोक तोंड सांभाळतात, कपडे सांभाळायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. ढगोबानं त्याचं नाव तिथल्या तिथं दोरीवाला ठेवलं होतं.

शाळा सुटल्यावर चिमणी तिला बिलगली आणि रस्ताभर बोलत राहिली. एका मुलानं तिची पट्टी मोडली, बाईंनी त्याला कोपऱ्यात उभं केलं, मग तो रडला, मग तिनं त्याला आपली दुसरी पट्टी दिली. "आणि आई, एक काका आले होते. त्यांनी मला विचारलं, सकाळी तुला कपडे कोण घालतं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझी मीच घालते! आई नुसती बटणं लावते." चिमणीनं अभिमानानं मान ताठ केली. "आणि पायमोजे. पायमोजे पण आईच. खरं सांगायचं असतं ना?"

"हो राणी. खरंच सांगायचं." त्या काकांची नखं कशी होती हे विचारावंसं तिला वाटलं, पण तिनं विचारलं नाही. चिमणीचा हात घामेजला होता, थोडा चिकट, आणि त्या हाताला धरून गल्लीत शिरताना तिला पहिल्यांदा मुलीचं ओझं वाटलं, अंगाचं नव्हे. आपण काहीतरी दुसऱ्याच्या पाठीवर लादून चालवत नेतोय असं.

घरी नवरा आधीच आला होता, छापखान्याची शाई अजून नखांत. चिमणी जमिनीवर चित्र काढत बसली होती. तिनं त्याला सकाळचं सांगितलं, वहिनींचं, गाद्यांचं. उद्याचं सांगितलं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि चहाचा कप उगाच फिरवत राहिला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"अगं, मला काय माहीत असणार?" मग थांबून, "मी तर लग्नाच्या वर्षापासून तुझ्याकडे बघूनच बाहेर पडतो. तू खिडकीची कडी नीट लावलीस की मी रेनकोट पिशवीच्या तळाशी टाकतो. वाटलं, बोललो तर तू लावायची थांबशील."

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिनं गिळलं. इतकी वर्षं ती गप्प राहिली होती, आणि त्या गप्प राहण्याचा तिला केवढा तोरा होता.

"उद्या चिमणीला रोजच्यासारखं पाठव," तो म्हणाला. "फ्रॉक. बस्स. काही दिवस हौसेनं चुकीचे कपडे घाल, लोक आपोआप नाद सोडतील."

"उद्या नको."

त्यानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याचा कप थांबला. "किती मोठं?" एवढंच त्यानं विचारलं. तिनं कपाट उघडलं. तो उठला आणि चिमणीजवळ जाऊन बसला, आणि चिमणी त्याला सांगायला लागली की हा हत्ती आहे, आणि ही त्याची आई आहे, आणि ही त्याच्या आईची पर्स.

काय काय करता येईल हे ती त्या संध्याकाळभर कपाटासमोर बसून बघत होती. फ्रॉक घालून पाठवलं तर गल्ली म्हणेल, दिवस चांगला आहे; आणि वहिनींचे यजमान शीळ घालत लाँचवर जातील. म्हणजे नुसतं न सांगणं नव्हतं ते, खोटं सांगणं होतं, आणि तेही पोरीच्या अंगावरून. कोट, कानटोपी, मफलर सगळं चढवलं तर दोरीवाला गच्चीतून बघेल, आणि मग चिमणीला एका खोलीत खुर्चीवर बसवून पुन्हा विचारतील, बटणं कोण लावतं. ती खरं सांगेल. पाय जमिनीला न टेकता हलवत हलवत सांगेल. घरी ठेवलं तर? आजारी आहे म्हटलं तर? गल्ली त्याचाही काही अर्थ लावणार, दोरीवालाही लावणार. आता मुलीला काहीही घातलं, काहीही घातलं नाही, तरी ते बोलणंच होतं. कालपर्यंत ती काय करत होती हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती आई होती. उद्या तेच केलं तर ती फितूर. आणि साहेबांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तिच्या डोळ्यांपुढून हलेना. लाँच थांबली तर तिकडच्या दुर्बिणींना कळणार होतं, त्यांची जहाजं वेळेत निघून जाणार होती, आणि त्या जहाजांनी पुढच्या महिन्यात याच शहरावर काय टाकलं असतं ते तिला सांगता येत नव्हतं. ते ना तिच्या नकाशात होतं, ना कुणाच्या पट्टीवर. तिच्याकडे फक्त उद्याची दुपार होती. मांडीवर चिमणीचा मफलर होता, त्याला दुधाचा वास येत होता, आणि ती त्याच्या गोंड्यांच्या गाठी सोडवत राहिली, पुन्हा बांधत राहिली.

सकाळ निळी उगवली, अगदी तिनं ओढली होती तशी. एक पान हलत नव्हतं. चिमणी फ्रॉक घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "आज तू बाबांबरोबर घरी थांबायचं." नवऱ्यानं दाराला टेकून तिच्याकडे बघितलं. मग पुढं येऊन तिच्या ब्लाऊजच्या बाहीवरचा एक धागा ओढून काढला, जसा काही तोच काढायचा राहिला होता. "गरम कपडे खालच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली. "औषधाची बाटली खिडकीत नको ठेवूस. आणि खिडक्या..." "लावतो," तो म्हणाला. चिमणीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आई, मग बटणं?" "बाबा लावतील." "बाबांना येत नाहीत!" "शिकतील," ती म्हणाली, आणि तिचा पापा घेऊन जिना उतरली, भरभर, कारण हळू उतरली असती तर उतरलीच नसती.

दारात वहिनी होत्या, त्यांचे यजमान डबा घेऊन निघाले होते. वहिनींची नजर तिच्या मागं गेली, जिन्यावर, रिकाम्या पायऱ्यांवर. "चिमणी कुठंय?" टाचणी ओठांतच. "बरं नाही का? काय घातलंय तिनं आज?" समोरच्या गॅलरीत म्हातारी बादली घेऊन थांबली होती. सायकलवाला ताडपत्रीपाशी उभा होता, कंपाउंडर कुलूप हातात धरून. सगळे तिच्या मागं बघत होते, तिच्याकडे कुणीच नाही. ती खात्यातली बाई, तिच्याकडे बघून काही कळायचं नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं, आणि आत काही तयार नव्हतं. हे वाक्य कसं सुरू करतात हे तिनं आयुष्यात कधी ऐकलंच नव्हतं.

"आज दुपारी," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. "वादळ येणार आहे. मोठं. भाऊ, लाँच सोडू नका."

कुणी हललं नाही. म्हातारीच्या हातातल्या बादलीतून पाणी सांडत होतं ते गॅलरीतून टपटपत राहिलं. वहिनींनी टाचणी ओठांतून काढली, आणि टाचणीशिवाय त्यांचा चेहरा किती म्हातारा दिसतो हे तिला तेव्हा दिसलं. "अहो, हळू बोला," त्या कळवळून म्हणाल्या. "हळू बोला ना, बाई. आम्हाला चिमणीवरून कळलं असतं की."

"म्हणूनच," ती म्हणाली. मग मान वर करून, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं तिनं पुन्हा सांगितलं. वारा कुठून येणार, कुठल्या बाजूच्या भिंतीला धरून बसायचं, मुलांना शाळेत पाठवायचं नाही. मध्येच चुकली, थांबली, पुन्हा बोलली. वहिनींच्या यजमानांनी आभाळाकडे बघितलं. ढगाचा मागमूस नव्हता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग डबा वहिनींच्या हातात दिला आणि धक्क्याकडे पळत सुटले, दोर दुहेरी बांधायला. वर एक खिडकी धाडकन लागली. मग दुसरी.

समोरच्या इमारतीच्या जिन्यातून तो माणूस शांतपणे खाली आला. घाई नव्हती त्याला. त्यानं तिचा दंड धरला. नखं अगदी मुळापर्यंत कुरतडलेली होती. "चला," तो म्हणाला.

"माझ्या मुलीला आता कुणी काही विचारायचं कारण नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मीच बोललेय."

"नाही विचारणार." दोघं कोपऱ्यापर्यंत आले. ऊन चढत होतं, त्याच्या कपाळावर घाम होता. कोपरा वळल्यावर, मागं गल्ली दिसेनाशी झाल्यावर, त्यानं पुढं बघतच विचारलं, "गोदीमागं पत्र्याच्या खोल्या आहेत. त्यांचं काय?"

"कोण असतं तिथं?"

"आई."

"पत्रे राहणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांना पक्क्या भिंतीच्या घरात न्या. दुपारच्या आत न्या."

तो चालत राहिला. दंडावरची पकड सुटली नाही, पण पावलं आता लांब पडत होती, ती जवळजवळ ओढली जात होती. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "नक्की का?"

तिनं आभाळाकडे बघितलं. निळं, कोरं, कुठंच काही नाही.

"नक्की कधीच नसतं," ती म्हणाली. "पण न्या."